पाच गावांचा एक हात

ज्या दिवशी सरकार लहान झालं, त्या दिवशी आमच्या कुसवड्यात जिलेबी वाटली. मीच वाटली. लहान झालं ते मुंबईतलं सरकार, आणि आमच्यापुरतं बोलायचं तर दिल्लीतलंही. सैन्य, नोटा आणि रेल्वे त्यांच्याकडे राहिली. आमच्या जांभळी खोऱ्यात रेल्वे नसल्यामुळे तो मुद्दा कुणी ताणला नाही. बाकी पाणी, रान, जमीन आणि वीज यांचा कारभार खोऱ्यातल्या नऊ गावांकडे आला. वरून हुकूम येणं बंद झालं. मुंबईचा साहेब आता आला तर चपला बाहेर काढून ग्रामसभेत मांडी घालून बसे आणि म्हणे, "आमची एक विनंती होती."

एकतीस वर्षं ग्रामसेवकाची नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकताना काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. माझं नाव रघुनाथ मानकुमरे. ते माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर आहे. एरवी खोऱ्यात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात, कारण आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात आणि निवृत्तीनंतरही ते सुटत नाही.

करार कागदावर होता, पण त्याचा जीव पेटीत होता. प्रत्येक गावात एक पेटी आणि गावानं निवडलेला एक किल्लीदार. कुसवड्याचा किल्लीदार मी. पेटी बसवायला आलेल्या मृणाल शेडगे नावाच्या इंजिनिअर बाईंनी शाळेच्या पटांगणात आम्हा नऊ किल्लीदारांना ती समजावली. त्यांनी सुताराकडून निळीची दोरी मागवली.

"सुतार रेघ कशी मारतो? दोन खुणांवर दोरी ताणून. आता एकच खूण दिली तर?"

"दोरी कशीबी फिरंल," माळेवाडीचा किल्लीदार हिंदुराव बाबर म्हणाला.

"बरोबर. समजा, ही रेघ भिंतीला जिथं टेकते तो आकडा म्हणजे कुलपाची किल्ली. एक खूण यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. दोघं एकत्र आले तर रेघ निघते. एकट्याच्या खुणेतून हजार रेघा जातात, म्हणजे त्याच्या हातात काहीच नाही. आता सरळ रेघेऐवजी अशी वळणाची रेघ घ्या, की ती ठरवायला पाच खुणा लागतात. तिच्यावरच्या नऊ खुणा नऊ गावांना दिल्या. कुठलीही पाच गावं आली की रेघ उभी राहते. चार आली तर शून्य. पूर्ण किल्ली कुठं ठेवलेलीच नाही, त्यामुळे ती चोरता येत नाही, जप्त करता येत नाही आणि मंत्र्याला भेट देता येत नाही."

धरणाचे दरवाजे असोत, वीजतारा असोत की जमिनीचं दप्तर, पाच खुणा जमल्याशिवाय काही हलायचं नाही. कुठल्या पाच, ते कुणालाच कळायचं नाही. पेटीला फक्त खुणा दिसत, गावं दिसत नसत. नाहीतर मुंबईवाले ज्यानं विरोध केला त्याला धरून बसतील.

खूण किल्लीदाराच्या तळहातात होती. पेटी हाताच्या शिरांचं जाळं वाचायची आणि त्यांतून वाहणाऱ्या रक्ताची लय तपासायची. मेलेला हात चालत नसे, आणि घाबरलेलाही. कुणी मानेवर सुरा ठेवून हात लावायला लावला, तर नाडी चुगली करी आणि पेटी मुकी बसे. दबाव ओळखण्यात ती पेटी जगात एक नंबर होती. तिला भीड तेवढी ओळखता येत नसे. भिडेत माणसाची नाडी अगदी शांत असते.

किल्लीदार आजारी पडला किंवा परगावी गेला तर त्याला मुखत्यार नेमता येई. मुखत्याराचा तळहात एकदा नोंदवला, की तो आपल्या गावच्या पेटीवरून त्या गावाच्या नावानं हात लावू शके.

पहिल्याच लग्नसराईत हिंदुराव माझ्याकडे आला. त्याच्या पुतणीचं लग्न इस्लामपूरला होतं.

"आठ दिवस मी न्हाई. मुखत्यारीला तुमचं नाव टाकतो, भाऊसाहेब."

"अरे, तुझ्या गावात कुणी नाही का?"

"हायेत की. पर एकाचं टाकलं तर दुसरा रुसतो. तुमचं टाकलं की कुणी बोलत न्हाई."

लग्न झालं, पुतणी नांदायला गेली, मुखत्यारी माझ्याकडेच राहिली. परत मागितली तर भाऊसाहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं हिंदुरावाला वाटलं. आपण होऊन परत दिली तर मदत नाकारल्यासारखं दिसेल, असं मला वाटलं. मग चिंचोशीच्या किल्लीदार बाईंचा गुडघा बदलायचा निघाला. सावरटेकचा किल्लीदार मुलाकडे दुबईला गेला. नेरल्याच्या अण्णांनी तर कारणही दिलं नाही, "ठेवा हो तुमच्याकडं," एवढंच म्हणाले. पूर्वी या सगळ्या गावांचे शिक्के माझ्याच पिशवीत असायचे. त्यात त्यांना आणि मलाही काही नवीन वाटलं नाही.

चार त्यांच्या, एक माझी. वर्षभरात मुंबईहून काढून आणलेलं सरकार माझ्या उजव्या हाताच्या तळव्यावर येऊन बसलं होतं. ही गोष्ट खोऱ्यात फक्त मला ठाऊक होती. कुणाला सगळं दिसू नये, हेच तर कराराचं तत्त्व होतं.

मी त्याचा कधी दुरुपयोग केला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

दुसऱ्या वर्षी विजेचा प्रश्न आला. स्वायत्त झालात तर वीजही आपली करा, असं म्हणून राज्याच्या वीज मंडळानं आमच्याकडची लाइन दिवसाला चार तासांवर आणली. दवाखान्यातल्या लशी बर्फात ठेवायची पाळी आली. मग नऊ गावांच्या खोरे समितीनं उदंचन प्रकल्पाचा प्रस्ताव आणला. उदंचन म्हणजे दोन तळी, एक डोंगराच्या पायथ्याला, एक माथ्यावर. दिवसा सूर्याच्या विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून त्यावर जनित्र फिरवायचं. तेच पाणी रोज डोंगर चढतं आणि रोज उतरतं. सरकारी नोकरीत असतं तर दोन वेळचा प्रवासभत्ता लागला असता.

पायथ्याचं तळं होतंच. माथ्यावरच्या तळ्यासाठी जागा एकच होती, गव्हाळीचा सडा, म्हणजे वरचं सपाट कातळपठार. तिथं ढेबेवस्ती आहे. करारातलं नववं गाव. गवळी धनगरांची अकरा घरं आणि म्हशी.

कुसवड्याच्या ग्रामसभेनं होकाराचा ठराव केला. माझ्याकडे मुखत्यारी असलेल्या चार गावांच्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. तहकूब सभेचं पुढं काय होतं हे एकतीस वर्षं पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हात लावायची शेवटची तारीख होती. सकाळी पोहे झाल्यावर मी पंचायतीत गेलो. माळेवाडीची माणसं काय म्हणतील? हो म्हणतील. चिंचोशीची? हो. मी त्यांना त्यांच्यापेक्षा जास्त ओळखत होतो. पाच वेळा हात ठेवला. पाचही वेळा पेटीच्या पडद्यावर एकच ओळ आली: नाडी बहात्तर, दबाव नाही. घरी येईपर्यंत चहा उकळलेला होता.

आठव्या दिवशी ठकूबाई ढेबे आली.

ठकूबाई ढेबेवस्तीची किल्लीदार. तिनं मुखत्यारी मला कधी दिली नाही, कारण ती कधी परगावी गेलीच नाही. साक्षरता मोहिमेत तिला सही करायला मी शिकवलं होतं. तेव्हापासून डोंगर उतरली की ती माझ्या दारी टेकायची आणि खरवस देऊन जायची. त्या दिवशी तिच्या हातात काही नव्हतं.

"भाऊसाब, पाच गावांनी हात लावला म्हनं."

"हो. कळलं तसं."

"कुनी कुनी?"

"ते गुप्त असतं, ठकूबाई. कायद्यानं."

"म्या माळेवाडीला गेलते. हिंदुराव म्हनला, आईच्यान, म्या न्हाई लावला. चिंचोशीची बाई म्हनली, सा म्हैनं झालं, म्या पेटीचं त्वांड बगितलं न्हाई. सावरटेकचा तर दुबईला हाय, त्येच्या घरची म्हनली, त्यो आलाच न्हाई. नेरल्याला गेले. समदी शपथा घेत्यात. आन खरंच बोलत्यात, त्वांडावं दिसतंय की! मंग हात लावला कुनी? भुतानं?"

मी आत जाऊन पाणी आणलं. आणायला जरा वेळच लावला.

"कळून काय करणार तू?"

"मारनार न्हाई कुनाला. म्होरं बसनार. त्येला इचारनार, बाबा, सडा बगितलास का कंदी? बगून हात लावला आसंल तर म्हननं न्हाई." तिनं पाणी प्यायलं. "तुमी एक अर्ज लिवून द्या. त्या पाच जनांनी म्होरं यावं म्हनून."

अर्ज करायचा खोरे समितीच्या मानद सचिवांकडे. मानद सचिव मीच होतो.

मी अर्ज लिहिला. 'विनंती विशेष कारणे' पासून सुरुवात केली. 'अर्जदार ही वयोवृद्ध असून तिचे सात पिढ्यांचे वास्तव्य सदर सड्यावर आहे' हे वाक्य तर मला स्वतःला आवडलं. वाचून दाखवलं, तेव्हा ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यावानी लिवनारा न्हाई कोन." तिनं सावकाश, मी शिकवलेल्या वळणानं सही केली. मग मी अर्ज माझ्याच हातून माझ्याच हातात घेतला, आवक क्रमांक टाकला आणि तिला पोच दिली.

ती गेल्यावर मी पोह्यांना हात लावला नाही. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, पित्त झालंय.

कराराला एकवीस दिवसांची पुनर्विचाराची मुदत होती. मुखत्यारानं त्या मुदतीत मुखत्यारी सोडली, तर लावलेले सगळेच हात रद्द होत आणि नऊही गावांना नव्यानं हात लावावा लागे. हे कलम मला पाठ होतं. पाठ असूनही मी आणखी पाच दिवस ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. चौदाव्या दिवशी हिंदुरावाकडे गेलो.

"तुझी मुखत्यारी मी सोडतोय."

"का हो? आमचं काय चुकलं का?"

"तुझं नाही, माझं. तुझ्या गावचा हात मी लावला. तुला न विचारता."

हिंदुरावानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडेल. मी त्याची वाट पाहत होतो. शिवी दिली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

"आसं व्हय," तो म्हणाला, "मग बरंच केलंत की. आमची सभा काय भरली नसती. भाऊसाहेब, त्या ठकूबाईला मी आईची शपथ घेतली, ती आता खोटी झाली का खरी?"

"खरीच. तू हात लावला नव्हतास."

"मग झालं तर." त्याला खरंच हायसं वाटलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. कशाला बदलाबदली?"

चिंचोशीच्या बाईंनी मला सरबत दिलं. सावरटेकचा दुबईहून फोनवर म्हणाला, तुम्ही केलं ते विचार करूनच केलं असणार. नेरल्याच्या अण्णांनी उलट माझी समजूत घातली. तीन गावांत फिरलो, चौथ्याला फोन केला, चार ठिकाणी कबुली दिली आणि चारही ठिकाणी मला माफी मिळाली. मी तर ती मागितलीही नव्हती. त्यांनी माफ केलेला गुन्हा त्यांच्याविरुद्ध होता. माझा खरा गुन्हा डोंगरावर होता.

तरी चारही मुखत्याऱ्या मी सोडल्या. पंधराव्या दिवशी सड्यावर गेलो.

ठकूबाई म्हशी पाण्यावर घेऊन गेली होती. मी तिथंच कातळावर बसलो. हा सडा मी एकतीस वर्षं नकाशात पाहिला होता आणि त्याला 'पडीक' असा शेरा स्वतः मारला होता. पडीक जागेत गुडघाभर गवत होतं, आणि त्यात म्हशींनी पाडलेल्या वाटा होत्या, प्रत्येक घराची वेगळी.

ती आली. मी बसूनच सांगितलं.

"ठकूबाई, ते पाच मीच."

तिला आधी कळेना. एक माणूस पाच कसा, ते मला दोनदा सांगावं लागलं. मग कळलं.

"आन अर्ज लिवला तवा?"

"तेव्हाही मीच."

"पोच दिली."

"दिली."

तिनं हाकेनं एक म्हैस वळवली. मग म्हणाली, "मुंबईचं सायेब यायचं तवा आमाला ठावं आसायचं, ह्यो परका हाय. मंग आमी दगड घिऊन हुबं ऱ्हायचो. तुमच्याम्होरं कदी दगड घ्यावा वाटलाच न्हाई बगा."

मी म्हटलं, हात रद्द झाले आहेत. आता प्रत्येक गावाला स्वतः सभा भरवावी लागेल, गणपूर्तीसकट. तिथं तू जाऊन बोल. मी सगळीकडे तुझ्याबरोबर येतो.

"नगं," ती म्हणाली, "माजी मी जाती."

आणि ती गेली. सहा दिवसांत सहा गावं. मी लांबून ऐकत होतो. गर्दी झाली, गणपूर्ती झाली, खोऱ्यात इतक्या खऱ्या सभा मी नोकरीच्या काळात पाहिल्या नव्हत्या. माळेवाडीत ती बोलली तेव्हा हिंदुराव रडला म्हणे. मग दवाखान्यातली परिचारिका उठून लशींबद्दल बोलली, तेव्हाही रडला. करारानं जे व्हावं म्हणून मी जिलेबी वाटली होती, ते अखेर होत होतं. माणसं आपला निर्णय आपण घेत होती. मी तेवढा त्यात कुठं नव्हतो.

एकविसाव्या दिवशी दुपारी मी पंचायतीत पेटीसमोर उभा राहिलो. माझ्या हातात आता एकच खूण होती. कुसवड्याच्या ग्रामसभेचा ठराव होकाराचा होता, हात उंचावून, एकशे बारा विरुद्ध नऊ. मी किल्लीदार, मालक नव्हे. ठरावाप्रमाणे 'होय' वर हात ठेवणं माझं काम.

मी 'नाही' वर ठेवला.

म्हणजे चार गावांना न विचारता त्यांचा हात लावल्याचं प्रायश्चित्त म्हणून, पाचव्या गावानं विचारपूर्वक सांगितलेलं मी मोडलं. तेव्हा मला ते धाडस वाटलं. पेटीनं मुकाट्यानं हात घेतला.

पाच वाजता निकाल लागला. पाच होकार जमले होते. मला आणि ठकूबाईला सोडून उरलेल्या सात गावांतली कुठली तरी पाच. खरे हात, खऱ्या सभा, दबाव नाही. मी लबाडीनं जे केलं होतं तेच त्यांनी चोख केलं. खोऱ्यातला एकही माणूस आता मला दोष देऊ शकत नव्हता, आणि माझ्या मनात जे होतं ते कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

वर्षभरात लाइट आली. लशी शीतपेटीत गेल्या. अकरा घरांपैकी चार नातलगांकडे गेली, सहा शहरात. ठकूबाई म्हशी विकायला तयार नव्हती. खाली येऊन तिनं समितीत विचारलं, "म्हशी कुटं न्याव्या ते सांगा." मानद सचिव म्हणून उत्तर मी दिलं. प्रत्येक गावाचं कुरण आता त्या त्या गावाचं. बाहेरची जनावरं घ्यायची की नाही, हे ज्याची त्याची ग्रामसभा ठरवणार. समितीला कुणावर सक्ती करता येत नाही.

"पयलं मुंबईच्या दारात जाऊन बसायचो," ती म्हणाली. "मार खायचो, पर दार ठावं होतं. आता कुनाच्या दारात बसू?"

तिथं नऊ खुर्च्या होत्या. आठांवर माणसं होती, नववी ढेबेवस्तीची. सगळी चांगली माणसं.

कुसवड्याच्या सभेत तिच्या म्हशींचा विषय मी स्वतः मांडला. तो नामंजूर झाला. चारा आधीच कमी आहे, हे खरंच होतं. मी 'नाही' वर हात ठेवला होता हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर कुसवड्याला कळेल, असं मी कारण देतो. तिनं विश्वास ठेवला नाही तर काय, हे दुसरं कारण.

मार्गशीर्षात एका सकाळी ती चाळीस म्हशी घेऊन आमच्या रस्त्यानं निघाली. घाटाखाली, कुठं तरी लांब, कराराबाहेरच्या एका गावात कुणीतरी जागा देतो म्हणालं होतं. मी आधीच उठून परसाचं फाटक उघडून ठेवलं होतं. अकरा गुंठे आहेत, विहीर आहे, कडब्याची गंजी रचून घेतली होती. एवढ्या म्हशींना ते चार दिवस पुरलं नसतं. पण ते माझं होतं, आणि त्याला कुणाचा ठराव लागत नव्हता.

म्हशी पुढून गेल्या. ती माझ्याकडे न पाहता चालत होती. मी फाटक धरून उभा होतो.

मागं राहिलेल्या एका रेडकाला कडब्याचा वास आला. ते वळलं आणि सरळ फाटकातून आत आलं. गंजीत तोंड घालून खायला लागलं.

ठकूबाई थांबली, मागं आली. आत आली नाही. फाटकाच्या रेघेवर उभी राहून तिनं काठी जमिनीवर आपटली.

"हुर्र... भाईर ये. खुळं हाय का? आपलं न्हाई ते."

रेडकू फाटकाशी आलं, तोंडात अर्धी पेंढी तशीच होती. तिनं हात लांब करून ती त्याच्या तोंडातून ओढून काढली, फाटकाच्या आत माझ्या बाजूला टाकली आणि रेडकाला पुढं घातलं.